गर्भातील वाढ आणि संप्रेरके : भाकड गाभण जनावराच्या जोपासनेचे शास्त्र

गोठ्यात दूध देणारी गाय आणि आटलेली गाभण गाय शेजारी शेजारी बांधलेल्या असतात. आंबोणाचे घमेले दुभत्या गायीपुढे जाते, सरकी पेंडही तिलाच मिळते. गाभण गायीच्या वाट्यास कडबा येतो, आणि टंचाईच्या वर्षी तोही अपुरा. ‘ती आता भाकडच आहे, व्याली म्हणजे खुराक सुरू करू,’ असा यामागील हिशेब असतो. पैशाच्या दृष्टीने हा हिशेब वरवर बरोबर दिसतो. जनावराच्या शरीरात जे घडत असते त्या दृष्टीने मात्र तो चुकीचा आहे. ज्या महिन्यांत गाय दूध देत नाही, नेमक्या त्याच महिन्यांत तिच्या पोटातील वासराची सर्वांत मोठी वाढ होत असते. ही वाढ कशी होते, तिचे नियंत्रण कोण करते आणि तिच्यात अडथळा कशाने येतो, हे समजून घेतल्यास गोठ्यातील वाटणी कशी असावी हे आपोआप कळून येईल.

संप्रेरक म्हणजे काय

शरीरातील काही ग्रंथी आपला स्राव नळीवाटे बाहेर न सोडता थेट रक्तात सोडतात. हा स्राव रक्ताबरोबर दूरच्या अवयवापर्यंत पोहोचतो आणि त्यास विशिष्ट काम करण्यास प्रवृत्त करतो. अशा द्रव्यास संप्रेरक म्हणतात. ‘हॉर्मोन’ हा मूळ शब्द इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली प्रचारात आणला. संप्रेरकाचे प्रमाण अत्यंत अल्प असते, परंतु परिणाम मोठा असतो. गावात दवंडी पिटणारा स्वतः रस्ता बांधीत नाही, पण त्याच्या दवंडीने सारा गाव कामास लागतो. संप्रेरकाचे कार्य त्याच स्वरूपाचे आहे.

गर्भाच्या वाढीशी संबंध असलेली संप्रेरके तीन ठिकाणी तयार होतात : मातेच्या शरीरात, वारेत आणि खुद्द गर्भाच्या शरीरात. यांपैकी तिसरे ठिकाण बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

वार : माता व गर्भ यांच्यामधील चौकी

गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या गर्भाशयात वार सलग चिकटलेली नसते. ती अनेक बटणांसारख्या गाठींनी गर्भाशयास जोडलेली असते. गाय व्याल्यानंतर पडलेल्या वारेवर या गाठी स्पष्ट दिसतात. येथे मातेचे रक्त व गर्भाचे रक्त अगदी जवळून वाहते, पण एकमेकांत मिसळत नाही.

साखर, अमिनो आम्ले, प्राणवायू, चुना, स्फुरद व आयोडीन हा कच्चा माल वारेतून गर्भाकडे जातो. इन्सुलिनसारखी मातेची प्रथिनयुक्त संप्रेरके मात्र पलीकडे जात नाहीत. रोगप्रतिकारक प्रथिनेही या जनावरांत वार ओलांडू शकत नाहीत, म्हणूनच नवजात वासरास पहिल्या तासाभरात चीक पाजणे अत्यावश्यक असते.

याचा अर्थ असा की, माता आपल्या वासरास तयार संप्रेरक देत नाही, माल देते. येणारा माल किती आहे ते पाहून वासराच्या ग्रंथी स्वतःची संप्रेरके तयार करतात आणि वाढीचा वेग ठरवितात. माल भरपूर आला तर काम जोरात चालते, कमी आला तर वासराचे शरीर काम आवरते घेते. गव्हाणीत टाकलेला चारा आणि वासराचे जन्मवजन यांना जोडणारा दुवा हाच होय.

वार स्वतःही एक मोठी ग्रंथी आहे. गर्भ टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक अंडाशयावरील पीतपिंडातून येते. गायीमध्ये सुमारे पाचव्या महिन्यापर्यंत गर्भ पूर्णतः त्यावर अवलंबून असतो, पुढे वारही या कामास हातभार लावते. शेळीमध्ये मात्र अखेरच्या दिवसापर्यंत पीतपिंडावाचून गर्भ टिकत नाही. वारेतून निघणारे आणखी एक संप्रेरक मातेच्या कासेची वाढ करते व तिच्या अंगातील साठा गर्भाकडे वळविण्यास मदत करते. म्हणून ज्या गाभण जनावराची वार खुजी राहते, त्याचे वासरू लहान होते आणि कासही पुरेशी भरत नाही. एका कारणाचे हे दोन तोटे होत.

वाढीची खरी संप्रेरके

जन्मानंतर वाढ घडवून आणणारे मुख्य संप्रेरक मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून येते. जन्मापूर्वी मात्र त्याचा प्रभाव फार थोडा असतो. गर्भातील वाढ प्रामुख्याने इन्सुलिन आणि इन्सुलिनसदृश वृद्धिघटक यांवर चालते. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात १९९० साली उंदरांवर एक महत्त्वाचा प्रयोग झाला. इन्सुलिनसदृश वृद्धिघटकांपैकी दुसऱ्या क्रमांकाचा घटक ज्यांच्या शरीरात तयारच होऊ शकत नाही, अशी पिले निर्माण करण्यात आली. ती पिले जिवंत व एरवी सुदृढ जन्मली, परंतु त्यांचे वजन नेहमीच्या पिलांच्या केवळ ६० टक्के होते. एका घटकाच्या अभावी वाढ जवळजवळ निम्म्यावर आली.

मातेच्या रक्तातील साखर उतरली की गर्भाकडे जाणारी साखर कमी होते. मग गर्भाच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवते, वृद्धिघटकांची पातळी खाली येते आणि स्नायूंची व हाडांची वाढ मंदावते. उपाशी गायीच्या पोटातील वासरू लहान राहते ते केवळ अन्न कमी पडले म्हणून नव्हे, तर त्याच्या शरीराने वाढ थांबविण्याचा आदेश घेतला म्हणून. स्नायूंच्या तंतूंची संख्या जन्मापूर्वीच बहुतांशी ठरून जाते. पुढे कितीही खुराक दिला तरी ती संख्या भरून काढता येत नाही.

अवटू ग्रंथीचे संप्रेरक हाडे, केस व विशेषतः मेंदू यांच्या वाढीस आवश्यक असते. ते तयार करण्यास आयोडीन लागते. गाभण शेळीस आयोडीन कमी पडल्यास करडे अशक्त, विरळ केसांची आणि गळ्याशी गाठ घेऊन जन्मतात, काही वेळा मेलेलीही पडतात. या संदर्भात सुबाभळीविषयी सावधगिरी हवी. सुबाभळीचा पाला प्रथिनयुक्त व उत्तम आहे, परंतु त्यातील मिमोसिन या द्रव्यापासून पोटात अवटू ग्रंथीच्या कामास अडथळा करणारा पदार्थ तयार होतो. ऑस्ट्रेलियात प्रामुख्याने सुबाभळीवर पोसलेल्या कालवडींची वासरे कमी वजनाची व वाढलेल्या अवटू ग्रंथींची जन्मल्याचे १९७१ साली नोंदविण्यात आले. म्हणून गाभण जनावरास एकूण चाऱ्याच्या एकतृतीयांशाहून अधिक सुबाभूळ देऊ नये आणि खनिज मिश्रण चुकवू नये.

मातेचा आकार आणि वळूची निवड

केंब्रिज येथील वॉल्टन व हॅमंड यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेला घोड्यांवरील प्रयोग आजही शिकविला जातो. शायर ही घोड्यांची अतिशय मोठी जात, तर शेटलंड हे अगदी ठेंगणे तट्टू. शास्त्रज्ञांनी शायर घोडीस शेटलंड नराचे आणि शेटलंड घोडीस शायर नराचे वीर्य कृत्रिम रेतनाने दिले. दोन्ही संकरांत बीज तेच, फक्त माता बदलली. मोठ्या घोडीच्या पोटी जन्मलेले शिंगरू लहान घोडीच्या शिंगराच्या सुमारे तिप्पट वजनाचे निघाले. बीज काहीही सांगो, गर्भाशयात व वारेत जेवढी सोय असेल तेवढीच वाढ होते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

परंतु यावरून ‘लहान गायीस कोणत्याही वळूचे बीज चालेल’ असा अर्थ काढू नये. पुढे असाच प्रयोग लहान-मोठ्या गायींवर झाला तेव्हा मातेचा प्रभाव दिसला, पण घोड्यांइतका तीव्र नव्हता. गायीच्या बाबतीत वळूचा वाटाही मोठा राहतो. होल्स्टिन फ्रिजियन वासराचे जन्मवजन ४० किलोच्या आसपास असते, देशी वासरे बहुधा त्याच्या सुमारे निम्म्या वजनाची असतात. परळी भागात आढळणाऱ्या लाल कंधारी गायीची पहिलारू कालवड अशा मोठ्या जातीच्या बीजाने भरविल्यास वासरू अडण्याचा धोका असतो. तिच्यासाठी तिच्याच जातीच्या वळूचे बीज योग्य होय. आष्टी-पाटोद्याकडे संकरित गायी बऱ्याच प्रमाणात पाळल्या जातात. तेथेही कालवड पुरेशा वजनाची झाल्यावाचून ती भरवू नये.

वासरू अडेल या भीतीने काही जण अखेरच्या महिन्यात गाभण जनावराचा खुराक मुद्दाम तोडतात. हा उपाय घातक आहे. वासराचे वजन थोडे घटते, पण मातेच्या अंगात कळा देण्याची ताकद राहत नाही, चीक कमी येतो आणि वासरू अशक्त जन्मते. अडण्याचा बंदोबस्त वळू निवडतानाच करावयाचा असतो, गव्हाण रिकामी ठेवून नव्हे.

नर-मादी ठरविणारी संप्रेरके व जुळ्यातील वांझ कालवड

गर्भ नर होणार की मादी, हे बीज जुळताक्षणी ठरते. परंतु शरीराची घडण प्रत्यक्षात तशी व्हावयास संप्रेरकांची आज्ञा लागते. फ्रान्समधील आल्फ्रेद झॉस्त यांनी १९४७ साली सशांच्या गर्भांवर शस्त्रक्रिया करून त्यांच्या जननग्रंथी लवकरच्या अवस्थेत काढून टाकल्या. पुढे ते सर्व गर्भ मादीच्या घडणीचे झाले, मूळचे नर असलेले देखील. यावरून असे सिद्ध झाले की, नराचे शरीर घडण्यास वृषणांतून निघणारी संप्रेरके लागतात आणि ती न मिळाल्यास घडण मादीची होते.

याच तत्त्वाचे एक उदाहरण शेतकऱ्याच्या गोठ्यातही दिसते. गायीस जुळे झाले व त्यांत एक गोऱ्हा व एक कालवड असली, तर ती कालवड बहुधा वांझ निघते. इंग्लंडमधील जॉन हंटर यांनी १७७९ साली अशा कालवडींचे वर्णन केले होते. त्यामागील कारण केलर व टांडलर यांनी १९११ साली आणि अमेरिकेतील फ्रँक लिली यांनी १९१६ च्या सुमारास उलगडले. गायीच्या पोटात जुळ्यांच्या वारा एकमेकींस जोडल्या जातात व त्यांच्या रक्तवाहिन्या एक होतात. गोऱ्ह्याच्या वृषणांतील संप्रेरके कालवडीच्या रक्तात जातात आणि तिच्या गर्भाशयाची व अंडाशयाची वाढ खुंटते. अशा दहा कालवडींपैकी नऊ किंवा त्याहून अधिक वांझ असतात. गोऱ्ह्यास मात्र सहसा मोठा अपाय होत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या माहितीचे मोल रोख पैशात आहे. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड तीन वर्षे पोसून मग ती गाभण राहत नाही म्हणून उपचारांवर खर्च करण्यापेक्षा, लहानपणीच पशुवैद्यकाकडून तिची तपासणी करून घ्यावी. अशी कालवड विकत घेतानाही ती जुळ्यातील आहे काय, हे विचारावे. दोन्ही वासरे कालवडी असतील तर चिंतेचे कारण नाही. शेळ्या-मेंढ्यांत जुळ्यांच्या रक्तवाहिन्या क्वचितच जोडल्या जातात. त्यामुळे उस्मानाबादी शेळीच्या जुळ्यातील पाट बोकडाबरोबर जन्मली म्हणून वांझ समजू नये.

जन्माचा दिवस कोण ठरवितो

गायीचा गर्भकाळ सुमारे २८० दिवस, म्हशीचा ३१० दिवस आणि शेळीचा १५० दिवस असतो. हे दिवस भरल्याचे ओळखते कोण? याचे उत्तर न्यूझीलंडमधील डॉ. लिगिन्स यांनी मेंढ्यांवरील प्रयोगांतून शोधून काढले. गर्भातील कोकराची पीयूषिका ग्रंथी नष्ट केल्यास मेंढी दिवस उलटून गेले तरी व्यात नाही, असे त्यांना आढळले. उलट गर्भास अधिवृक्क ग्रंथीचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक दिल्यास ती अकाली विते. म्हणजे जन्माची सूचना गर्भाच्याच शरीरातून निघते. अखेरच्या दिवसांत वासराची अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल वाढविते, त्यामुळे वारेतील संप्रेरकांचे प्रमाण पालटते, प्रोजेस्टेरॉन उतरते, शेपटीच्या मुळाशी खड्डे पडतात, कास भरते व कळा सुरू होतात.

लिगिन्स यांना १९६९ साली आणखी एक गोष्ट दिसली. फार लवकर जन्मलेली कोकरे श्वास न घेता मरावयास हवी होती, पण कॉर्टिसॉलसारखे द्रव्य मिळालेली काही कोकरे श्वास घेत होती. कॉर्टिसॉलने केवळ जन्माची सूचना दिली नव्हती, फुप्फुसे पक्व करण्याचे कामही केले होते. हेच ज्ञान त्यांनी व डॉ. हॉवी यांनी स्त्रियांच्या अकाली प्रसूतीत वापरले व १९७२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगभरच्या रुग्णालयांत अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या मातेस याच वर्गातील औषध देऊन बाळाची फुप्फुसे तयार केली जातात. मेंढ्यांच्या कळपातून निघालेल्या या शोधाने असंख्य बालके वाचली आहेत.

या माहितीची दुसरी बाजू धोक्याची आहे. डेक्सामेथासोन हे औषध याच वर्गातील आहे. ताप, सूज किंवा लंगडणे यांवर ते सर्रास टोचले जाते. शेवटच्या अवस्थेतील गाभण जनावरास ते दिल्यास जनावर अकाली विऊ शकते. माजावर आणण्यासाठी वापरले जाणारे प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन पीतपिंड नष्ट करते, त्यामुळे गाभण शेळीस ते कोणत्याही महिन्यात दिले तरी गर्भ पडतो आणि गायीसही पहिल्या महिन्यांत तसेच होते. गर्भतपासणी केल्यावाचून असे इंजेक्शन कदापि घेऊ नये. उपचारासाठी कोणीही आले तरी ‘जनावर गाभण आहे, अमुक महिना चालू आहे,’ हे प्रथम सांगणे मालकाचे कर्तव्य होय.

बीड जिल्ह्यातील अडचण : वाढीचे महिने व टंचाईचे महिने

गायीच्या वासराच्या जन्मवजनाचा निम्म्याहून अधिक भाग शेवटच्या अडीच-तीन महिन्यांत तयार होतो. शेळीच्या करडाचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग शेवटच्या ५० दिवसांत भरतो. आता दिनदर्शिका समोर ठेवून पाहावे. पावसाळ्यात हिरवा चारा मिळाल्यावर गायी माजावर येतात. ऑगस्टच्या मध्यास गाभण राहिलेली गाय २८० दिवसांनी, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात विते. तिच्या वासराच्या वाढीचे महिने मार्च, एप्रिल व मे हे असतात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात चारा आणि पाणी या दोहोंची खरी ओढ याच महिन्यांत असते. ज्या वेळी वासरास सर्वाधिक माल हवा, त्याच वेळी गव्हाण रिकामी. त्यातच कडक उन्हाने मातेच्या गर्भाशयाकडे जाणारे रक्त कमी होते व वारेची वाढ खुंटते, हा दुहेरी मार होय. जिल्ह्यात २०१२-१३ व २०१८-१९ या दुष्काळांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या. अशा वर्षी गाभण जनावरांची काळजी आणखी जिकिरीची होते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, शक्य असेल तेथे काही गायी डिसेंबर-जानेवारीत भरवाव्यात. जानेवारीच्या आरंभी गाभण राहिलेली गाय ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात विते व वाढीच्या महिन्यांत तिला पावसाळी हिरवा चारा मिळतो. दुसरा, ज्या गायी उन्हाळ्यात विणार आहेत त्यांच्यासाठी चाऱ्याचा साठा दिवाळीपासूनच बाजूस काढून ठेवावा.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची अडचण वेगळी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे बैलगाडीसह कारखान्यांकडे जातात, बरोबर एखादी गाय व दोन-चार शेळ्याही असतात. फडावर जनावरांना वाढे भरपूर मिळते. पोट भरते, पण वाढ्यात प्रथिने कमी असतात आणि त्यातील ऑक्झॅलेटमुळे शरीरातील चुना बांधला जातो. गर्भाची हाडे घडण्याच्या काळात केवळ वाढ्यावर ठेवलेली शेळी दोन करडे नीट पोसू शकत नाही. तिच्यासाठी थोडी पेंड किंवा हरभऱ्याचा भुसा व रोजचे खनिज मिश्रण बरोबर नेणे हिताचे ठरते. जुळी करडे असलेली शेळी अखेरच्या महिन्यात खाणे सोडून सुस्त पडू लागली, तर रक्तातील साखर उतरल्याचे ते लक्षण असू शकते. पशुवैद्यकास त्वरित बोलवावे.

मनुष्यगर्भालाही हाच नियम

मनुष्य हाही सस्तन प्राणी आहे आणि त्याच्या गर्भासही हाच नियम लागू आहे. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील बालकांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपल्या बालकांत स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुणे व लंडन येथील बालकांच्या नाळेतील रक्ताची तुलना २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत वजनाने लहान असूनही आपल्या बालकांत इन्सुलिनची पातळी अधिक आढळली. पुढील आयुष्यात मधुमेहाकडे जाणारी वाट गर्भातच सुरू होते, असा याचा इशारा आहे.

याच अभ्यासात असेही दिसले की, ज्या मातांच्या आहारात दूध, पालेभाज्या व फळे होती त्यांची बाळे चांगल्या वजनाची होती, आणि ज्यांना गरोदरपणी जड कष्ट करावे लागले त्यांची बाळे लहान राहिली. मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरणाऱ्या ऊसतोड भगिनींच्या बाबतीत या निष्कर्षाचे महत्त्व सांगावयास नको. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी टोळी निघण्यापूर्वी गरोदर भगिनींची अंगणवाडीत व उपकेंद्रात नोंद झाली आहे ना, माता व बालसंरक्षण कार्ड त्यांच्या सोबत आहे ना, हे पाहावे. गाभण गायीच्या खुराकाविषयी बोलताना घरातील गरोदर सुनेच्या ताटाचा विषय काढण्यास संकोच करू नये.

काय करावे

१. गर्भतपासणी करून घ्यावी व भरविल्याची तारीख गोठ्यात लिहून ठेवावी. तारखेवाचून शेवटचे महिने ओळखता येत नाहीत.

२. विण्यापूर्वी ६० दिवस गाय आटवावी. आटली म्हणजे खुराक बंद, असे समजू नये.

३. गाभण गायीस शेवटच्या दोन महिन्यांत चाऱ्याखेरीज रोज १ ते १.५ किलो आंबोण द्यावे. शेळीस शेवटच्या दीड महिन्यात रोज २५० ते ३०० ग्रॅम द्यावे.

४. गायीस रोज ३० ते ५० ग्रॅम व शेळीस ५ ते १० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. साधे खडे मीठ आयोडीनची गरज भागवीत नाही.

५. कडबा किंवा भुसा निकृष्ट असल्यास त्यावर युरियाची प्रक्रिया करावी. १०० किलो वाळल्या चाऱ्यास ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, चारा दाबून प्लॅस्टिकने २१ दिवस हवाबंद ठेवावा. उघडल्यावर वास जाईपर्यंत मोकळा करून हळूहळू सवय लावावी. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये आणि लहान वासरांना असा चारा घालू नये.

६. उन्हाळ्यात गाभण जनावर दुपारी सावलीत बांधावे व दिवसातून तीन-चार वेळा पाणी दाखवावे.

७. गाभण जनावरास संप्रेरकाचे किंवा डेक्सामेथासोनचे इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. गर्भ वाढविणारे इंजेक्शन म्हणून कोणी काही विकत असल्यास ते घेऊ नये. गर्भ आपली संप्रेरके स्वतःच तयार करतो, त्यास फक्त पोषणाची गरज असते.

८. वासरू जन्मताच त्याचे वजन करून नोंद ठेवावी. पुढील वर्षी खुराकात केलेल्या बदलाचा परिणाम याच आकड्यावरून दिसेल.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात या महिन्यात किती गायी व शेळ्या गर्भाच्या शेवटच्या अवस्थेत आहेत? त्यांना आज काय खावयास मिळते?

२. मागील दोन वर्षांत किती वासरे अडली? त्यांत पहिलारू कालवडी किती व त्यांना कोणत्या जातीचे बीज दिले होते?

३. एका आटलेल्या गायीस दोन महिने रोज दीड किलो आंबोण दिल्यास ९० किलो लागते. त्याचा आजच्या भावाने होणारा खर्च आणि एका सुदृढ कालवडीची किंमत यांची तुलना करावी.

हा शेवटचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने स्वतः मांडून पाहावा. वासराचे संगोपन ते जन्मल्यावर सुरू होते असे मानण्याची रूढी आहे. वास्तविक ते जन्मण्यापूर्वी तीन महिने, आटलेल्या गायीच्या गव्हाणीपासूनच सुरू झालेले असते.